मोरीवरून गाडी जाते

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी दहा. स्थळ: डॉक्टरबाईंचं गॅरेज. हजर: काका, त्यांची मुलगी म्हणजेच डॉक्टरबाई, विंग कमांडर, आणि मी. गैरहजर: डॉक्टरबाईंची मोटार. गेले तीन महिने तिच्या जागेवर आमचं रेल्वे स्टेशन उभं होतं आणि ती बिचारी बाहेर धुक्यात भिजत होती.

वहीत मी हे असंच लिहिलेलं आहे. मला यादीशिवाय काम सुचत नाही. चंडीगडच्या सेक्टर तीसमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी भांडार सांभाळते. तिथे साधा स्क्रू आत आला तरी त्याची नोंद होते आणि बाहेर गेला तरी होते. ती सवय घरी आली आहे. नवरा म्हणतो, हिच्या याद्यांचीसुद्धा एक यादी असेल. आहे. त्याला दाखवलेली नाही एवढंच.

या मंडळींत मी आले ती गणपतीत. इथल्या मराठी लोकांचा गणपती म्हणजे ओळखीपाळखी करून घ्यायचं ठिकाण. कुणी सैन्यातलं, कुणी हवाई दलातलं, कुणी दवाखान्यातलं, कुणी विद्यापीठातलं. प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक कोल्हापूरचे गृहस्थ होते. ते हवाई दलात विंग कमांडर आणि इथे तीन वर्षांसाठी आलेले. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही भांडारात आहात ना? अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल बिट मिळेल का हो कुठे?" मी दुकान सांगितलं, शिवाय दुकानाची सुट्टी कधी असते तेही सांगितलं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या कामावर होते.

त्यांचा छंद आगगाड्यांची छोटी मॉडेलं करण्याचा. प्रत्येक बदलीला सामानात दोन खोकी इंजिनं आणि डबे असायचेच. पण नियम एकच: स्टेशन करायचं तर खरं असलेलंच करायचं. "मनातलं स्टेशन केलं की माणूस लबाडी करायला लागतो," ते म्हणायचे. "झाड नडलं, सरकव. उतार जमेना, सपाट कर. खऱ्या जागेत तशी सवलत नाही." प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरचाही भरत नाही.

चंडीगडमध्ये हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग कालका-शिमलाच करताय ना?" नाही. ती गाडी इथून तासाभरावर रोज सुटते, ज्याला हौस आहे त्याने जाऊन बसावं. आमची गाडी आता कुठेच धावत नाही. ती काकांच्या डोक्यात तेवढी धावते.

काका म्हणजे वऱ्हाडातल्या छोट्या लाईनवरचे स्टेशन मास्तर, वय ऐंशी पार. छोटी लाईन म्हणजे अडीच फुटांची, नॅरो गेज. तिच्यावरच्या एका स्टेशनात त्यांनी सलग अकरा वर्षं काढली. लाईन बंद झाली, काका निवृत्त झाले, आणि मागच्या पावसाळ्यात मुलगी त्यांना कायमचं इकडे घेऊन आली. मुलगी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. यावर काकांचा ठरलेला विनोद: "ही जगाला भूल देते आणि मला म्हणते, बाबा, तुम्ही भुलता."

विनोद हसण्यावारी न्यायचा होता, पण त्यामागे एक खरी गोष्ट होती. दिवाळीनंतर काका एका सकाळी कोथिंबीर आणायला बाजारात गेले. पंधरा मिनिटांचं काम. परत आले तीन तासांनी, एका दूधवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून. झालं होतं असं, की परतताना ते एक चौक आधी वळले आणि शेजारच्या सेक्टरमध्ये शिरले. इथे सगळे चौक सारखे, सगळ्या पाट्या सारख्या, झाडंसुद्धा एका उंचीची. आपल्या घराचे शेवटचे तीन आकडे काकांना पाठ होते. ते आकडे त्यांना तिथेही सापडले. त्यांनी बेल वाजवली. दार उघडलेल्या सरदारणीला त्यांनी हिंदीत विचारलं, "पडदे कब बदले?"

बाईने त्यांना आत बसवलं, चहा दिला, पराठा दिला. पण काकांना घराचा सेक्टर सांगता येईना आणि मोबाईल चार्जिंगला घरीच होता. शेवटी दूधवाल्याने डॉक्टरबाईंना नावावरून ओळखलं.

"मी भुललो नाही," काका आम्हाला सांगायचे. "हे गावच एका साच्यातून काढलंय. इथं चुकत नाही त्याचंच डोकं तपासायला पाहिजे."

डॉक्टरबाईंनी मात्र काकांचंच डोकं तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं, तारीख तेवढी चुकली. काका म्हणाले, निवृत्त माणसाला तारीख कशाला लागते? तरी हुकूम निघाला: एकट्याने बाहेर जायचं नाही. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. सोबतीला कुणी असलं तरीही नाही. "पहाऱ्यात कोथिंबीर घेत नसतो मी," म्हणाले, आणि दिवसभर खिडकीत बसायला लागले.

म्हणून डॉक्टरबाईंनी गॅरेज रिकामं केलं आणि विंग कमांडरांना म्हणाल्या, "तुम्हाला खरं स्टेशन पाहिजे ना? बाबांकडे एक आहे."

कामाची पद्धत अशी. काका खुर्चीत बसून सांगायचे, मी लिहून घ्यायची, विंग कमांडर मोजमाप काढायचे. त्या स्टेशनचे फोटो दोनच. एकात स्टेशनपुढे अख्खं लग्नाचं वऱ्हाड उभं, त्यामुळे इमारतीचा फक्त पत्रा दिसतो. दुसऱ्यात काका उभे, पण फोटो काढणाऱ्याने त्यांचे पाय कापले आणि आकाश भरपूर घेतलं. तेव्हा भिस्त सगळी काकांच्या आठवणीवर. आणि ती पावलांत. "फलाटाच्या टोकापासून रुळांच्या काट्यापर्यंत बावन्न पावलं." मग आम्ही काकांना गॅरेजच्या बाहेर दहा पावलं चालवलं, टेप लावला, दहाने भागलं आणि त्यांचं एक पाऊल किती ते ठरवलं. विंग कमांडर म्हणाले, तेव्हा तुम्ही तरुण होता, पाऊल मोठं असेल. काका म्हणाले, तेव्हा गाडी यायची असायची, मी कशाला लांब ढांगा टाकू? वेळ भरपूर होता.

मातीवरून दोन शनिवार गेले. मी कुंडीतली माती चाळून पसरली. काका बघून म्हणाले, "ही पंजाबची." वऱ्हाडातली काळी, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. शेवटी मी मुलतानी मातीत काळा रंग कालवून पातळ थर दिला आणि केसांचा ड्रायर लावला. वाळताना तिला अशा सुरेख भेगा पडल्या, की काका उठून उभेच राहिले. फलाटाच्या मुरुमाला फुटक्या कुंडीचा भुगा चालला. बाभळींना इथल्या तळ्याच्या काठचं वाळलं गवत चाललं. यादीतल्या एकेका ओळीपुढे खूण पडत गेली.

जानेवारीत काकांना एक फोन आला. त्यांच्या त्या स्टेशनवरचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे काटे बदलणारा माणूस, इकडे येणार होता. त्याचा मुलगा सैन्यात हवालदार आहे आणि सध्या चंडीमंदिरच्या छावणीत असतो. नातू पाहायला पंधरा दिवस येतोय, एका रविवारी साहेबांना भेटून जाईन म्हणाला.

काकांनी फोन ठेवला आणि मुलीकडे वळले. "पैज लाव."

"कसली?"

"तो येईल तेव्हा कुणी त्याला काही सांगायचं नाही. नुसतं गॅरेजचं दार उघडायचं. त्यानं पाहताबरोबर ओळखलं, तर माझं डोकं शाबूत. मग मी सकाळी एकटा बाजारात जाणार, तू आडवी यायचं नाही."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर मी खिडकीत बसेन. तोंडातून शब्द काढणार नाही."

डॉक्टरबाई कबूल झाल्या. माझ्या वहीत मी तारीख घातली: रविवार, १६ फेब्रुवारी, अकरा वाजता. तिच्याआधी यादी संपलीच पाहिजे.

आता यादीतल्या एकतिसाव्या ओळीबद्दल. ती माझ्याच अक्षरात आहे: 'मोरी. दगडी. चार फूट रुंद. क्वार्टरच्या मागच्या अंगाला. पाणी उताराने शेताकडे निघतं.' काकांनी हे डिसेंबरातच सांगितलं होतं आणि त्यानंतर दर शनिवारी ते विचारायचे, "ताई, मोरीचं काय?" मी दर शनिवारी सांगायची, "होतेय काका. घरी करतेय. झाली की आणतेच."

मी साताऱ्याची. आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, आंघोळ करायची जागा. मला जरा नवल वाटायचं, की या माणसाला सिग्नलपेक्षा मोरीची काळजी जास्त. एकदा तर ते म्हणाले, "मोरीशिवाय ते स्टेशन वाटणारच नाही." मी मनात म्हटलं, टापटिपीचा माणूस आहे. आणि मग मीही कसर सोडली नाही. क्वार्टरला मागून जोडायची छोटी दगडी खोली केली. आत उतार दिलेली फरशी, कोपऱ्यात पाणी जायला भोक. तांब्याच्या तारेचा बंब, बंबाला नळी. हरभऱ्याच्या डाळीएवढी बादली. खुंटीवर पंचा. चार रविवार गेले त्यात. भिंगाखाली काम करून मान धरली.

त्या शनिवारी, पंधरा तारखेला, मी ती डबीतून काढली आणि क्वार्टरच्या मागे ठेवली. "घ्या काका. एकतीस नंबर. तुमची मोरी."

काका वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "हे काय आहे?"

"मोरी."

"हे मी नाही सांगितलं."

"सांगितलंत की. हे बघा." मी वही पुढे केली. भांडारात वाद झाला की मी हेच करते. सही, तारीख, नोंद. "दगडी, चार फूट रुंद, क्वार्टरच्या मागे. सगळं तुम्ही सांगितलंय. सात डिसेंबर."

काकांनी वही वाचली. परत त्या खोलीकडे पाहिलं. "मी न्हाणी कशाला सांगेन? क्वार्टरला न्हाणी नव्हतीच."

डॉक्टरबाई बापाकडे पाहत होत्या. ते पाहणं मला ओळखू आलं. दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याआधी डॉक्टर असं पाहतात. "बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "दर आठवड्याला तुम्ही मोरीचं विचारत होता. मी स्वतः ऐकलंय."

"विचारत होतो ना. मोरीचंच विचारत होतो."

"मग ही मोरीच आहे ना?"

काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या वहीने त्यांना खोटं पाडलं होतं, आणि उद्या अकराला त्यांचा माणूस येणार होता. मला वही मिटावीशी वाटली. मिटली नाही. आतमध्ये सगळं अगदी बरोबर लिहिलेलं होतं, हीच पंचाईत.

मग काका एकदम म्हणाले, "अहो ताई, मोरीवरून गाडी जाते!"

"मोरीवरून?"

"मग? गाडी जाते वरून, पाणी जाते खालून. तुमच्याकडं मोरीवरून काय जाते?"

विंग कमांडरांना आधी कळलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "पूल! अहो, रुळाखालचा छोटा पूल! आमच्याकडे रस्त्यावर पाटीसुद्धा असते, मोरी क्रमांक अमुक." आणि जे हसायला लागले ते भिंतीला टेकूनच. डॉक्टरबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मी आयुष्यभर बाथरूमच म्हणत आले," त्या म्हणाल्या, "मला काय माहीत?" काका सर्वांत शेवटी हसले, पण सर्वांत जास्त वेळ. डोळे पुसत त्यांनी माझा बंब उचलून पाहिला. "आणि ताईंनी पंचासुद्धा टांगला हो!"

मी हसले, पण घड्याळ बघून. साडेअकरा झाले होते. चोवीस तासही उरले नव्हते, मोरी नव्हती आणि रूळ तर कधीच चिकटवून, खडी टाकून पक्के झाले होते. मी नवीन पान काढलं.

रुळांखालचा भराव फोमचा होता, पावणेदोन सेंटिमीटर उंच. त्यातून चौदा मिलिमीटर रुंदीचं भगदाड आरपार काढायचं, वरचे रूळ न हलवता. विंग कमांडर म्हणाले, "यार, रुळांना करंट देणाऱ्या तारा नेमक्या तिथूनच वर आल्यात." त्या बाजूला घ्यायला दीड तास गेला. भगदाड पाडायला बारीक पात्याची सुरी पाहिजे होती. डॉक्टरबाईंनी हॉस्पिटलातलं पातं आणलं आणि विंग कमांडरांपुढे धरलं.

"तुम्हीच करा ना डॉक्टर."

"मी झोपवणारी आहे, कापणारी नव्हे."

"माझंही तसंच," विंग कमांडर म्हणाले. "मी विमानं उडवणारा."

शेवटी डॉक्टरबाईंनीच कापलं, गुडघ्यावर बसून, श्वास रोखून. काका वरून सूचना देत होते: "पलीकडं थोडी रुंद. अजून. तिकडून माणसं शिरायची. गाव रुळांच्या त्या बाजूला, फाटक लांब. बायका डोक्यावर टोपली घेऊन वाकून या मोरीतून यायच्या, गाडी पकडायला. पावसाळ्यात चपला हातात." हे त्यांनी आम्हाला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "मला वाटलं, मोरी म्हटल्यावर कळलंच असेल," ते म्हणाले.

दगडांसाठी मी सायकलवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा आणला. तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे पाडले, भिंती रचल्या. वरच्या शिळेचा एक कोपरा तुटका पाहिजे, असं काकांनी बजावलं. कुठला? डावा, गावाकडून. मी विचारलं, "डावा कुणाचा? आत येणाऱ्याचा की बाहेर जाणाऱ्याचा?" आता मी शहाणी झाले होते. आत येणाऱ्याचा. तोडला.

संध्याकाळी सहाला गाडी सोडली. मोरीवर आली आणि थांबली. विंग कमांडरांनी तारांच्या जोडाला डाग दिला, परत सोडली, परत थांबली. काका शांत होते. म्हणाले, "थांबू द्या, खरी पण थांबायची." पण सातला ती एकदम सुरळीत गेली आणि आम्ही चौघं टाळ्या वाजवत होतो. माझ्या न्हाणीचं काय करायचं? काढते म्हटलं, तर काका म्हणाले, "राहू द्या ना. झालीच आहे तर."

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना पॉइंट्समन आला. वय पंचाहत्तरच्या आसपास, पायजमा, टोपी आणि मुलाने घेतलेला नवाकोरा स्वेटर, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मुलगा त्याला दारात सोडून गाडी लावायला गेला. त्याने काकांच्या पायाला हात लावला. काकांनी उठवलं.

"कसा आहेस गड्या?"

"बरा आहो जी साहेब. थंडी लई आहे तुमच्या गावाला."

"माझं कुठलं गाव! ये, चहा होतोय तोवर गॅरेजमध्ये ये."

विंग कमांडरांनी दार वर केलं. मी दिवा लावला. डॉक्टरबाई हाताची घडी घालून भिंतीपाशी उभ्या. काका मुद्दाम पाठ करून उभे राहिले, बाहेर बघत.

पॉइंट्समन आमच्या स्टेशनच्या टेबलाजवळ गेला. फलाटाच्या बाजूने हळूहळू चालत गेला, टोकाला वळला, पलीकडे गेला. काही नाही. मी डॉक्टरबाईंकडे बघायचं टाळलं. मग तो गावाच्या बाजूला आला, टोपी सरळ केली आणि खाली बसला. गुडघे कडकड वाजले. एक डोळा मिटून त्याने मोरीतून आरपार पाहिलं. बराच वेळ.

"साहेब," तो खालूनच म्हणाला, "मोरी साफ करून घेतली वाट्टे तुम्ही. आपल्या टायमाला त काडीकचऱ्यानं भरून राहे."

काका वळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलले मात्र मुलीशी. "ऐकलं?"

"ऐकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग पॉइंट्समनला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ओळखलंत हे कुठलं स्टेशन ते?"

"आता हे काय विचारणं झालं बाई! हा माझा काटा. हे साहेबाचं टेबल, खिडकीतून दिसते ना. इथून माझी माय डबा घेऊन ये." त्याचं बोट पुढे सरकत होतं आणि क्वार्टरच्या मागे येऊन थबकलं. "आं? क्वार्टरला न्हाणी कधी बांधली?"

"मंजूर झाली," काका गंभीरपणे म्हणाले.

"अकरा वर्षं अर्ज करून रायले होते ना तुम्ही!"

"वेळ लागतो रे सरकारी कामाला."

"बंब पण दिला!" पॉइंट्समन म्हणाला, आणि दोघं जे हसले त्यात चहा गार झाला. त्यांना तो विनोद कुणी समजावून सांगावा लागला नाही. मला मात्र माझे चार रविवार वसूल झाल्यासारखं वाटलं.

पैज काका जिंकले होते, आणि मी वहीत तसं लिहिणारच होते. तेवढ्यात पॉइंट्समनने फलाटाकडे पुन्हा पाहिलं आणि मान हलवली.

"सगळं बराबर आहे साहेब. फक्त कडुलिंब इकडं काहून लावला?"

"तिथंच होता."

"नाही ना जी. तिकिटाच्या खिडकीच्या डाव्या हाताला होता."

"उजव्या."

मी लगेच मध्ये पडले. "एक मिनिट. उजवा कुणाचा? आत बसणाऱ्याचा की तिकीट काढणाऱ्याचा?"

दोघांनी एकाच वेळी सांगितलं: खिडकीकडे पाठ, गाडीकडे तोंड. म्हणजे शब्दाचा घोळ नव्हता. खरंच मतभेद होता.

"मी त्याच्याखाली रोज जेवलो," पॉइंट्समन म्हणाला.

"आणि मी तुला रोज जेवताना पाहिलं."

"पाहणारा चुकू शकते साहेब. जेवणारा कसा चुकेल?"

"डबा उघडला की तुला झाड कशाला दिसतं? मान खाली!"

विंग कमांडरांनी विचारलं, सावली कुठे पडायची? एक म्हणाला फलाटावर, दुसरा म्हणाला फलाटावरच, पण संध्याकाळी. डॉक्टरबाई आलटून पालटून दोघांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या पैज रद्द करतात. पण त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि पोट धरून हसायला लागल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "उद्या कोथिंबीर संपतेय. तुम्ही आणा. मोबाईल मात्र घेऊन जा."

"कोणाचं खरं ते ठरू दे आधी," काका म्हणाले. ते कडुलिंबातून बाहेर यायला तयार नव्हते.

सोमवारी ते एकटे गेले. मी ऑफिसात असताना डॉक्टरबाईंचा निरोप आला: बावीस मिनिटं. मंगळवारी अठरा. आता त्यांना भाजीवालीच्या मुलांची नावं माहीत आहेत आणि ते माझ्यासाठीही मेथी आणतात. कधीकधी उशीर होतो, पण तो गप्पांमुळे, असं तेच सांगतात.

पॉइंट्समन बुधवारी गावाला परतला. रविवारी आमच्याकडून जाताना त्याने कबूल केलं होतं, की झाड तोडलं असलं तरी बुंधा असेलच, मी जाऊन पावलं मोजतो आणि फोन करतो. मी विचारलं, पावलं तुमची की साहेबांची? तो म्हणाला, माझी, साहेबांची फार लहान. तो निघण्याआधी त्याचं एक पाऊल मी अंगणात मोजून घेतलं आहे. नोंद आहे.

फोन अजून आलेला नाही. हवालदार मुलगा सांगतो, हरभरा काढायला आलाय, बाबा शेतात आहेत. काका म्हणतात, हरभरा वगैरे काही नाही, बुंधा उजव्या हाताला निघाला असणार. डॉक्टरबाईंना गाडी आत लावायची आहे, पण त्या घाई करत नाहीत. फलाटाच्या मुरुमात खिडकीच्या दोन्ही बाजूंना मी एकेक भोक पाडून ठेवलं आहे. कडुलिंब कपाटात डबीच्या झाकणावर उभा आहे, आणि वहीत 'कडुलिंब: डावा की उजवा' या नव्या, सत्तेचाळिसाव्या ओळीपुढची जागा कोरी आहे.